एनबीए १९५४–५५ हंगाम

नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन (एनबीए) या अमेरिकी व्यावसायिक लीगचा नववा हंगाम. तो ३० ऑक्टोबर १९५४ रोजी सुरू झाला आणि १० एप्रिल १९५५ रोजी संपला. सिराक्यूज नॅशनल्सने अंतिम मालिकेत फोर्ट वेन पिस्टन्सला ४–३ असे हरवून विजेतेपद मिळवले. मात्र या हंगामाची खरी ओळख विजेत्यापेक्षा चोवीस सेकंदांच्या नियमामुळे आहे: चेंडू ताब्यात आला की चोवीस सेकंदांत तो बास्केटकडे टाकलाच पाहिजे. इंदूरच्या रेसकोर्स रोडवरील बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये आज एखादा संघ आघाडी घेऊन चेंडू नुसताच फिरवत बसला, तर टेबलावरून भोंगा वाजतो आणि चेंडू समोरच्यांकडे जातो. त्या भोंग्याची सुरुवात या हंगामात झाली.

त्याआधी चेंडू हातात ठेवायला वेळेचे बंधन नव्हते. कबड्डीत चढाईपटूला तीस सेकंदांत परतावे लागते. बास्केटबॉलमध्ये असे काहीच नसल्याने पुढे असलेला संघ चेंडू आपापसांत फिरवून वेळ काढी. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेनने मिनियापोलिस लेकर्सला १९–१८ असे हरवले. लेकर्सचा उंचापुरा जॉर्ज मायकन चेंडूजवळ येऊच नये, म्हणून पिस्टन्स चेंडू धरून उभे राहिले. एनबीएच्या इतिहासातला हा सर्वांत कमी गुणांचा सामना. पिछाडीवरच्या संघाकडे यावर एकच उतारा होता: फाउल करायचा, प्रतिस्पर्ध्याला फ्री थ्रो (रेषेवर उभे राहून, कोणी न अडवता बास्केटमध्ये चेंडू टाकण्याची संधी) द्यायचे आणि त्यानंतर चेंडू मिळवायचा. मार्च १९५३ मध्ये बोस्टन आणि सिराक्यूज यांचा प्लेऑफ (साखळीनंतरच्या बाद फेरीतला) सामना चार जादा डावांपर्यंत लांबला. त्यात बोस्टनच्या बॉब कुझीने ५० गुण केले, पण त्यातले तब्बल ३० फ्री थ्रोचे. तिकीट काढून आलेल्याने पाहायचे ते एकेकाला रेषेवर उभे राहून चेंडू टाकताना!

तोडगा सुचवला सिराक्यूजचे मालक डॅनी बियासोन यांनी. ते इटलीत जन्मलेले, व्यवसायाने बोलिंग (जड चेंडू घरंगळत सोडून बाटलीसारख्या खुंट्या पाडण्याचा खेळ) केंद्राचे चालक. संघाचे व्यवस्थापक लिओ फेरिस यांचाही या कल्पनेत वाटा होता. हिशेब दुकानदारी पद्धतीचा आहे. ज्या सामन्यांत मजा येते, त्यांत दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा बास्केटकडे चेंडू टाकतात, सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा, भागाकार २४. ऑगस्ट १९५४ मध्ये सिराक्यूजमधील एका शाळेत सराव सामना खेळवून इतर मालकांना हे दाखवण्यात आले. त्याच हंगामापासून प्रत्येक क्वार्टरमधील (सामन्याच्या चौथ्या हिश्शातील) सांघिक फाउलवरही मर्यादा आली आणि ती ओलांडल्यास प्रतिस्पर्ध्याला जादा फ्री थ्रो मिळू लागला. या दुसऱ्या नियमाचे नाव फारसे कोणी काढत नाही. पण तो नसता तर घड्याळ असूनही फाउलांचा सुळसुळाट थांबला नसता.

नव्या नियमाखालच्या पहिल्या सामन्यात रॉचेस्टर रॉयल्सने बोस्टन सेल्टिक्सला ९८–९५ असे हरवले. आदल्या हंगामात एका संघाची सरासरी सामन्याला ७९.५ गुण होती. ती एकदम ९३.१ वर गेली. बोस्टनने तर शंभरी ओलांडली. सरासरी शंभराच्या वर नेणारा तो पहिला संघ.

हंगामात प्रत्येक संघाने ७२ सामने खेळले. सुरुवातीला नऊ संघ होते. नोव्हेंबरच्या अखेरीस बाल्टिमोर बुलेट्स बंद पडला आणि त्याचे सामने तक्त्यातून काढून टाकण्यात आले. लागोपाठ तीन वर्षे विजेत्या ठरलेल्या लेकर्सचा मायकन हंगामाआधीच निवृत्त झाला होता. गुणांच्या सरासरीत फिलाडेल्फियाचा नील जॉन्स्टन (२२.७) पहिला आला, तरी त्याचा संघ प्लेऑफमध्ये पोहोचला नाही. मिलवॉकीचा बॉब पेटिट सर्वोत्तम नवोदित ठरला.

पूर्व विभागात सिराक्यूज आणि पश्चिमेत फोर्ट वेन, दोघेही ४३ विजय आणि २९ पराभवांसह अव्वल राहिले. अंतिम मालिकेच्या वेळी फोर्ट वेनचे सभागृह बोलिंगच्या स्पर्धेसाठी आधीच दिलेले होते, त्यामुळे पिस्टन्सना आपले घरचे सामने इंडियानापोलिसला न्यावे लागले. इंदूरकरांना याचे नवल वाटू नये. आपल्या अभय प्रशाल या क्रीडागृहातही टेबल टेनिससोबत गाण्याचे कार्यक्रम होतात. इथे गंमत एवढीच, की बोलिंगवर पोट असलेला माणूस समोरच्या संघाचा मालक होता. तरीही पिस्टन्सनी इंडियानापोलिसचे तिन्ही सामने जिंकले. मालिकेत एकही सामना पाहुण्या संघाला जिंकता आला नाही.

सातवा सामना सिराक्यूजमध्ये झाला. दुसऱ्या क्वार्टरमध्ये फोर्ट वेन ४१–२४ असे सतरा गुणांनी पुढे होते. चार वर्षांपूर्वी याच संघाने चेंडू धरून लेकर्सना जेरीस आणले होते; आता दर चोवीस सेकंदांनी चेंडू बास्केटकडे टाकणे भाग होते. सिराक्यूजला पुन्हा पुन्हा संधी मिळत गेली. घड्याळ नसते तर ही पिछाडी भरून निघाली असती, असे वाटत नाही. बारा सेकंद उरले असताना जॉर्ज किंगने फ्री थ्रो साधून ९२–९१ केले आणि लगेच फोर्ट वेनच्या अँडी फिलिपकडून चेंडू हिसकावला. विजेत्या संघातील अर्ल लॉइड आणि जिम टकर हे एनबीए विजेतेपद मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू.

पुढे लहान शहरांतले हे संघ मोठ्या शहरांत गेले. पिस्टन्स १९५७ मध्ये डेट्रॉइटला, नॅशनल्स १९६३ मध्ये फिलाडेल्फियाला. रॉचेस्टरचा रॉयल्स आज सॅक्रामेंटो किंग्ज या नावाने खेळतो. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांच्या मालकीचा हा संघ ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत इंडियाना पेसर्सशी दोन प्रदर्शनी सामने खेळला आणि दोन्ही हरला.

आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिबाने, १९५६ मध्ये वेळेचे बंधन स्वीकारले, पण तीस सेकंदांचे. चोवीस सेकंद २००० मध्ये आले. भारतातील स्पर्धा फिबाच्या नियमांनी होतात. त्यामुळे इंदूरमध्ये ऐंशी-नव्वदच्या दशकांत खेळलेल्या काका मंडळींच्या अंगवळणी तीसचा हिशेब पडलेला, तर त्यांच्या भाचे-पुतण्यांनी पहिल्यापासून चोवीसच पाहिलेले. बास्केटच्या कड्याला लागून परत आलेला चेंडू हल्ला करणाऱ्या संघालाच मिळाला, तर आता पूर्ण चोवीस नव्हे, चौदाच सेकंद दिले जातात. एनबीएने हा बदल २०१८–१९ च्या हंगामापासून केला.