सायकलवरचे चारशे एकर

सायकलची शर्यत संपून दोन दिवस झाले होते. माझ्यापुरती ती दुसऱ्या फेरीतच संपली होती, पण ते पुढे येईलच. तर दोन दिवसांनी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत फिरत एक संदेश आला: काळ्या मातीत लोहचुंबक असतं, सायकल लोखंडाची असते, म्हणून माती चाकाला ओढली जाते, चाकाच्या आऱ्यांना तांब्याची तार गुंडाळली की चुंबकत्व ‘कटतं’. खाली सत्तावीस अंगठे. त्यातले चार विज्ञानाच्या शिक्षकांचे, म्हणजे माझ्याच बिरादरीचे.

गंमत अशी की या थापेत चिमूटभर खरं आहे. आपली काळी माती बेसॉल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेली. त्या दगडात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात. कोरड्या मातीतून चुंबक फिरवा, त्याला काळी मिशी फुटते. पण माझ्या सायकलची फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची, टायर रबराचे, आणि चिखल सगळ्यात जास्त बसला होता तो रबरावर. चुंबकाला रबराचं एवढं प्रेम कधीपासून?

शर्यत अंबाजोगाईच्या पुढे, बालाघाटच्या कडेला होती. तीस-पस्तीस हौशी माणसं, सहा किलोमीटरची एक फेरी, अशा तीन. आधी माळावरून चढ, मग उतार, मग ओढ्याकाठच्या पाणंदीने परत. ऑगस्ट सरत आलेला. आठ-दहा दिवस चांगली उघाड होती आणि नेमकी त्या दिवशी पहाटे तासभर झिमझिम झाली. माळावरच्या मुरमात काही जाणवलं नाही, पाणी पडलं तसं जिरलं. पाणंदीत उतरल्यावर मात्र दोनशे मीटरमध्ये चाकाची जाडी दुप्पट झाली, मग माती फ्रेमच्या बेचक्यात अडकली आणि चाक फिरायचंच थांबलं. सायकल खांद्यावर घ्यावी तर ती आता उचलवेना. एकाने निघताना हँडलला लिंबू-मिरची बांधली होती. त्या लिंबाला चिखलाचा ठिपकाही लागला नाही हे कबूल केलं पाहिजे. ते जमिनीला टेकत नव्हतं.

बांधावर एक म्हातारे बाबा उभे होते. आमचा तमाशा थोडा वेळ पाहून म्हणाले, “सर, वापसा न्हाई आज. आमी बैल घातला न्हाई रानात, आन् तुमी सायकली घालायलाव!”

वापसा, म्हणजे वाफसा, रानात औत घालण्याजोगी ओल. या एका वाक्यात जे आहे ते मातीच्या शास्त्रात शिरायला १९११ साल उजाडलं. मला आज तेवढंच सांगायचंय, पण त्यासाठी आधी मातीच्या पोटात जावं लागेल.

घरी येताना मी सायकल तशीच भुसाराच्या दुकानातल्या काट्यावर ठेवली. सकाळी १३.४ किलो होती, आता २२.३. म्हणजे ८.९ किलो चिखल. तो घमेल्यात खरवडून काढला, गच्चीवर आठवडाभर उन्हात वाळवला आणि पुन्हा मोजला: ६.१ किलो. म्हणजे २.८ किलो पाणी होतं. मातीचे लोक ओलावा कोरड्या वजनाच्या टक्क्यांत सांगतात. तो निघाला ४६ टक्के. (उन्हात वाळवून सगळं पाणी जात नाही, त्यासाठी १०५ अंशांची भट्टी लागते. पण घरच्या ओव्हनला हात लावायची परवानगी मिळाली नाही.) हा आकडा लक्षात ठेवा.

आता माती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. हाच दगड घाटाखाली कोकणातही आहे. तिथे पाऊस इतका कोसळतो की दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिकासुद्धा धुऊन समुद्राला जाते. मागे उरतो तांबडा जांभा आणि केओलिनाइट नावाची शांत स्वभावाची चिकणमाती. मराठवाड्यात वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. इथे हे क्षार धुऊन जात नाहीत, माळावरून उतरून खोलगट भागात साचतात, आणि तिथे स्मेक्टाइट गटाची चिकणमाती तयार होते. या गटातल्या माँटमोरिलोनाइटला फ्रान्समधल्या माँतमोरियाँ गावाचं नाव मिळालं आहे. खरं तर ते आमच्या परभणीचं शोभलं असतं.

स्मेक्टाइटचा कण म्हणजे पापडांची चळत. एकेक पापड जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. त्या पापडालाही आत तीन पदर: वर-खाली सिलिकॉन-ऑक्सिजनचे, मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा. सगळी भानगड मधल्या पदरात आहे. अ‍ॅल्युमिनियमचा आयन तीन धन प्रभार घेऊन येतो. पण स्फटिक घडताना काही जागा मॅग्नेशियमने पटकावल्या, आणि तो दोनच आणतो. समजा भिशीत प्रत्येकाने तीन रुपये टाकायचेत आणि दर पाच-सहा जणांमागे एकजण दोनच टाकतो. हिशेबात तूट येणारच. स्फटिक एकदा घडला की ही तूट कायमची. पापडाच्या अंगावर ऋण प्रभार शिल्लक राहतो. तो भरून काढायला बाहेरून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियमचे आयन येतात, पण त्यांना आत जागा नाही. ते दोन पापडांच्या मधल्या फटीत उभे राहतात.

आता पाऊस पडतो. पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण. फटीतल्या आयनांभोवती पाण्याचे रेणू गर्दी करतात, आणि या गर्दीला जागा करून द्यायला पापड एकमेकांपासून सरकतात. एका पापडापासून पुढच्या पापडापर्यंतचं अंतर कोरडेपणी एक नॅनोमीटरच्या आसपास असतं. पाण्याचा एक थर शिरला की सव्वा, दोन थरांना दीड, आणि कॅल्शियम असेल तर एकोणीस दशांशला, म्हणजे १.९ ला, गाडी थांबते. कारण कॅल्शियमचे दोन धन प्रभार दोन्हीकडच्या पापडांना धरून ठेवतात. सोडियम असेल तर पापड पार सुटे होतात. चोपण जमिनीत पाणी मुरत नाही, पाऊल टाकलं की राड होते, ती यामुळेच. तिथे जिप्सम टाकतात ते सोडियमला हुसकून त्याच्या जागी कॅल्शियम बसवायला. केओलिनाइटमध्ये अशी तूट जवळजवळ नसते, पापड हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट असतात, पाणी मध्ये शिरत नाही. कोकणातला चिखल पायाला लागतो, आमचा पायाला धरतो. फरक तो हा.

पापड सुटे होऊ लागले की पृष्ठभाग किती होतो? एक ग्रॅम स्मेक्टाइटचा आतला-बाहेरचा मिळून सातशे-आठशे चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. म्हणजे ग्रॅमला सात गुंठे! माझ्या घमेल्यातल्या ६.१ किलोत निम्मी चिकणमाती धरा, त्यातला पाचवा हिस्सा इतर खनिजांचा म्हणून सोडून द्या. उरते साधारण २४०० ग्रॅम. गुणिले सात, भागिले चाळीस: चारशे एकरांच्या वर जमीन. मी ती खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायला निघालो होतो, आणि सातबाऱ्यावर माझं नाव नाही.

या सगळ्या क्षेत्रफळावर पाणी चिकटून बसतं. पण म्हणून माती टायरला का चिकटावी? कणीक मळताना पाहा. कोरडं पीठ बोटांना धरत नाही. पाणी थोडं पडलं की बोटांना, परातीला, बांगड्यांना सगळीकडे लागतं. भरपूर ओतलं की कालवण होतं आणि हात झटकला तर निथळून जातं. माती तशीच. कोरडी असताना ती स्वतःला धरून असते, पाणी सोडायला तयार नसते. अधलं-मधलं पाणी असलं की टायर आणि मातीच्या मध्ये पाण्याचा पातळ पडदा तयार होतो. दोन ओल्या काचा एकमेकांवर ठेवून ओढून पाहा, तेच. पडद्याची जाडी एक मायक्रोमीटर असेल तर पृष्ठताणामुळे पडणारी ओढ सुमारे दीड वातावरणाएवढी भरते. शिवाय चिखल घट्ट असला की तो फटीत पटकन वाहून येत नाही. ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ योसेफ स्टेफानने १८७४ मध्ये दाखवलं की पातळ थराने जोडलेल्या दोन चकत्या वेगळ्या करायचा जोर थराच्या जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. जाडी निम्मी झाली की जोर आठपट. आणि ओढ जितकी जलद तितका जोर जास्त. चिखलात चप्पल रुतली की हिसका देणाऱ्याच्या चपलेचा अंगठा तुटतो. टाच हळूच वाकडी करणाऱ्याची चप्पल निघते. वाकडी केल्याने कडेने हवा शिरते.

चाक पुढे जाताना तीन सांधे ताणले जातात: टायर आणि चिखल, चिखल आणि चिखल, चिखल आणि त्याखालची जमीन. जो कच्चा तो तुटणार. त्या दिवशी वरची दोन बोटं ओली आणि खाली आठ दिवसांच्या उघाडीची कडक ढेपाळ जमीन. तिसरा सांधा कच्चा. त्यामुळे ओला थर सालपटासारखा उलगडत टायरवर गुंडाळला गेला, आणि चाकाच्या पुढच्या फेऱ्यात चिखलावर चिखल बसला. दोन वर्षांपूर्वी याच पाणंदीत रात्रभर धो-धो पावसानंतर शर्यत झाली होती. सगळे नखशिखांत माखले, पण चाकं फिरत राहिली. तेव्हा मधला सांधा कच्चा होता. चिखल स्वतःलाच धरू शकत नव्हता. जास्त पाऊस म्हणजे जास्त चिकट, ही समजूत काळ्या रानात चालत नाही. झिमझिम वाईट.

आता १९११. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट अ‍ॅटरबर्ग यांनी मातीचा ओलावा वाढत जाताना तिचा स्वभाव कुठे कुठे बदलतो, त्या मर्यादा ठरवल्या. मातीची सुतळी वळायची. तीन मिलिमीटर जाडीला ती तुटू लागली की तो ओलावा म्हणजे आकार्यतेची, म्हणजे मातीला हवा तो आकार देता येण्याची, खालची मर्यादा. याहून पाणी वाढवत नेलं की एका टप्प्याला ती वाहू लागते, ती द्रव मर्यादा. काळ्या मातीत पहिली पंचवीस-तीसच्या आसपास, दुसरी साठ-सत्तर किंवा त्याहून वर. माझे ४६ बरोबर मध्ये येऊन बसले. पुढे अभियंत्यांनी या दोन मर्यादा उचलल्या, रस्ते आणि पाये त्यांवर बांधले. पण अ‍ॅटरबर्ग यांच्या यादीत आणखी एक होती: चिकट मर्यादा, म्हणजे माती धातूच्या पात्याला चिकटायची थांबते तो ओलावा. ती पाठ्यपुस्तकांतून जवळपास गळालीच.

ती बाबांकडे होती. पावसाचं जादा पाणी निचरून गेलं, मातीच्या पोकळ्यांत हवा शिरली, वखराच्या पासेला, म्हणजे पात्याला, माती धरेनाशी झाली की वाफसा आला. परीक्षाही अ‍ॅटरबर्गच्या जवळची: मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि हातातून खाली सोडायचा. फुटला तर चला, चपटा झाला तर घरी बसा. बाबांनी आमच्यासमोर गोळा सोडला. पडल्या जागी थापलेल्या भाकरीसारखा पसरला. “दुपारून या,” म्हणाले. पारितोषिक वितरण बाराला ठेवलेलं होतं.

सायकलवाल्यांच्या जगात यावर उपाय विकणारे कमी नाहीत. नॅनो म्हणून एक फवारा मिळतो, बाटलीवर कमळाचं पान. कमळाच्या पानावर पाणी का थांबत नाही हे १९९७ मध्ये बार्टलॉट आणि नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी नीट दाखवलं: मेणाचे सूक्ष्म उंचवटे, थेंब त्यांच्या टोकांवर उभा राहतो. आपल्याला हे अळवावरच्या पाण्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पण तो थेंब आपल्या वजनाने अलगद बसलेला असतो. इथे पंच्याऐंशी किलोंची सायकल-अधिक-मी चिखलाला टायरमध्ये दाबत असतो, आणि त्या चिखलात वाळूचे कण सँडपेपरचं काम करतात. फवारा पहिल्या वळणापर्यंत टिकला. घरचं गोडेतेल फ्रेमला पुसलं तर तेवढंच टिकतं, स्वस्तात.

रुंद टायर घ्या म्हणणारेही असेच. रुंद टायर म्हणजे चिखलाला बसायला रुंद ओटा, आणि फ्रेममध्ये फट कमी. चिखलाचे टायर अरुंद असतात, दात उंच आणि विरळ, की दोन दातांतला चिखल फिरताना निसटावा. ही माउंटन बाइक मुळात कॅलिफोर्नियातल्या टेकड्यांवर १९७०च्या दशकात घडली, आणि तिथे तक्रार धुळीची होती. आमच्या गावात दूधवाले पावसाळ्यात सायकलचे मडगार्ड काढून ठेवतात, त्यांनी कुठला कॅटलॉग वाचलेला नाही.

गिअरचा हँगर, म्हणजे गिअर फ्रेमला धरून ठेवणारा तुकडा, मोडला तो वेगळाच खर्च. त्यात काही विज्ञान नाही, मी चाक अडलेलं असताना जोर लावला एवढंच.

घमेलं अजून गच्चीवर आहे. वाळून माती आक्रसली होती, कडेने बोटभर फट आणि मध्ये भेगा. परवा रात्री एक सर येऊन गेली. सकाळी वर जाऊन पाहिलं तर भेगा मिटलेल्या, आणि माती फुगून पुन्हा काठाला टेकलेली. बोट लावलं. बोट धरून ठेवलं तिने.