प्रस्तावातले रकाने कुठून आले?

महाविद्यालयातल्या एखाद्या प्राध्यापकाच्या डोक्यात शिकवण्याची नवी कल्पना येते. रसायनशास्त्राचे प्रयोग थेंबाथेंबाच्या मापात करायचे, किंवा अर्थशास्त्राच्या मुलांना फळ्यासमोर न बसवता बाजार समितीत नेऊन बसवायचे. पैसे फार लागत नाहीत, पण लागतात. मग कुणीतरी अनुदान मागण्याच्या प्रस्तावाचा छापील नमुना पाठवते आणि पहिल्याच पानावर प्रश्न येतात : महाविद्यालय टू एफ आणि ट्वेल्व्ह बी मध्ये, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यातल्या मान्यतेच्या आणि अनुदान-पात्रतेच्या कलमांखाली, आहे का? संस्थांची गुणवत्ता तपासणाऱ्या नॅकची श्रेणी कोणती? आवर्ती (दरवर्षी होणारा) खर्च किती, अनावर्ती (एकदाच होणारा) किती? संस्थेचा वाटा किती? मागील अनुदानाची उपयोगिता प्रमाणपत्रे, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचे दाखले, जोडली आहेत का? कल्पनेसाठी जागा असते ती बहुधा पाचव्या-सहाव्या पानावर, तीही 'पाचशे शब्दांत' अशा अटीसह.

हा नमुना कुणी एका बैठकीत तयार केलेला नाही. त्यावर दीडदोनशे वर्षांचे थर आहेत, आणि ते उलगडले की प्रस्ताव लिहिणाऱ्याची चिडचिड कमी होत नसली तरी ती नेमकी कुणावर काढायची हे कळते.

महाराष्ट्रात विद्येसाठी सरकारी पैसा वाटण्याची सर्वांत जुनी ठळक प्रथा दक्षिणेची. तळेगावच्या दाभाड्यांकडून ती पेशव्यांकडे आली. श्रावणात पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात ब्राह्मण जमत आणि दक्षिणा घेऊन जात. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने ही प्रथा एकदम मोडली नाही. रक्कम कमी केली आणि त्यातला काही पैसा १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. पुढे डेक्कन कॉलेज म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेची मुळे तिथपर्यंत जातात.

या गोष्टीतला खरा रंगतदार भाग १८४९ चा आहे. पुण्यातल्या सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला की दक्षिणेचा काही हिस्सा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा, आणि तो कुठल्याही जातीच्या लेखकाला मिळावा. अर्जामागे लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख होते. सनातनी मंडळी खवळली, आणि अर्जदारांच्या रक्षणासाठी जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. अखेर १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. आजच्या भाषेत सांगायचे तर निधीचे शीर्ष बदलून घेण्यासाठी केलेला तो प्रस्ताव होता; फरक इतकाच, की तो सादर करताना लाठ्याकाठ्यांची तयारी ठेवावी लागली. याच निधीतून पुढे दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. स्वतः शिकता शिकता कॉलेजात शिकवणारे हे तरुण होते, आणि न्या. रानडे व रा. गो. भांडारकर त्यांच्यापैकीच.

दक्षिणा ही आपल्याकडची खास गोष्ट. देशभर लागू झालेली चौकट मात्र १८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक धोरणपत्राने, घातली. सरकारने सगळी कॉलेजे स्वतः काढू नयेत, खासगी संस्थांना साहाय्यक अनुदान द्यावे आणि बदल्यात अटी घालाव्यात : व्यवस्थापन नीट हवे, सरकारी तपासणीला दार उघडे हवे, मुलांकडून थोडी तरी फी घ्यावी. मुंबई इलाख्यात तर शाळांना परीक्षेतल्या निकालावर पैसे देण्याची पद्धतही चालली. 'संस्थेचा वाटा' आणि 'तपासणी समिती' या दोन रकान्यांचे पूर्वज इथे सापडतात. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे फुल्यांनी जे निवेदन दिले त्यात एक बोचरा प्रश्न होता : रयतेच्या करातून जमलेला पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर का उधळता? हा प्रश्न आजच्या कुठल्याही नमुन्यात नाही. 'लाभार्थी' असा एक रकाना असतो, त्यात विद्यार्थिसंख्या भरतात.

स्वातंत्र्यानंतर ब्रिटनमधल्या १९१९ च्या युनिव्हर्सिटी ग्रँट्स कमिटीचा नमुना डोळ्यांसमोर होता. सरकारने पैसे द्यावेत, पण विद्यापीठांशी व्यवहार मधल्या तज्ज्ञ मंडळाने करावा, ही त्यामागची कल्पना. २८ डिसेंबर १९५३ रोजी मौलाना आझाद यांच्या हस्ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे उद्घाटन झाले आणि १९५६ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला. त्याच वर्षी चिंतामणराव देशमुख आयोगाचे अध्यक्ष झाले. मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडून आलेला हा माणूस. काल तिजोरीच्या किल्ल्या त्यांच्याकडे होत्या, आज विद्यापीठांसाठी त्याच तिजोरीकडे मागणी करायची होती.

ब्रिटिश नमुन्यातली एक गोष्ट मात्र इथे आली नाही. तिकडे समिती विद्यापीठाला पाच वर्षांसाठी ठोक रक्कम देई आणि ती कशी वापरायची हे बव्हंशी विद्यापीठ ठरवी. आपल्याकडे केंद्रीय विद्यापीठे सोडली तर रोजचा खर्च राज्याकडे राहिला आणि आयोगाकडे आले ते 'विकास' अनुदान, तेही पंचवार्षिक योजनेला बांधलेले. विकास म्हणजे जो मोजता येतो तो : इमारत, वसतिगृह, ग्रंथालय, उपकरणे. 'अनावर्ती' हा शब्द आपल्या प्रस्तावांत इतका सुखाने नांदतो त्याचे कारण हेच. दुर्बिणीसाठी पैसे मिळतात, ती वापरायला शिकवणाऱ्या माणसासाठी मिळत नाहीत, ही तक्रार प्रत्येक स्टाफरूममध्ये ऐकू येते. ती तक्रार योजनेच्या रचनेतच होती.

या चौकटीत अध्यापनासाठी खिडकी उघडण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न १९७० च्या आसपास झाला. दौलतसिंग कोठारी तेव्हा आयोगाचे अध्यक्ष होते. त्याआधी १९६४ ते ६६ च्या शिक्षण आयोगाचेही ते अध्यक्ष होते, आणि त्या आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. त्याच वातावरणातून 'कोसिप' निघाला : कॉलेज सायन्स इम्प्रूव्हमेंट प्रोग्रॅम. याच नावाचा कार्यक्रम अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने साठच्या दशकात चालवला होता, तेव्हा प्रेरणा शोधायला फार लांब जावे लागत नाही.

कोसिपचे वैशिष्ट्य असे की पैसा पदवीच्या वर्गातले विज्ञान कसे शिकवले जाते यासाठी होता. महाविद्यालयाने स्वतःची योजना मांडायची : जुने, घासून गुळगुळीत झालेले प्रयोग काढून नवे बसवायचे, उपकरणे दुरुस्त करायला आणि जमतील तशी बनवायला छोटी कार्यशाळा उभी करायची, विद्यार्थ्यांना लहान प्रकल्प द्यायचे, शिक्षकांनी एकत्र बसून विषय नव्याने शिकायचा. जोडीला विद्यापीठाच्या विभागाने एखाद्या विषयात संलग्न महाविद्यालयांचे पुढारपण करायचे, अशी दुसरी वाटही होती. पुढे सामाजिक शास्त्रे आणि मानव्यविद्यांसाठी 'कोहसिप' आला.

मग अडले कुठे? परीक्षेत. प्रयोगशाळा महाविद्यालयाची, पण अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका विद्यापीठाची. एखाद्या शिक्षकाने वर्षभर मुलांकडून स्वतः प्रयोग रचून घेतले तरी मार्चमध्ये बाहेरचा परीक्षक येई आणि जर्नलमधला ठरलेला प्रयोग काढे. दोन वर्षांत मुलेच सांगत, सर, परीक्षेला येईल ते करू या. कोसिप-कोहसिपची नावे पुढे मागे पडली. पण या अनुभवाने एक गोष्ट पक्की केली, की संलग्नतेच्या पद्धतीत अध्यापनाचा प्रयोग अनुदानाने सुरू होतो आणि वेळापत्रकाने संपतो. १९७८ पासून स्वायत्त, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवणारी, महाविद्यालये निघू लागली ती या दुखण्यावरचा उपाय म्हणून. नव्या प्रस्तावांत 'मूल्यमापनात कोणता बदल करणार' असा प्रश्न दिसला तर तो वगळू नये. पन्नास वर्षांपूर्वी नेमके तेच विचारायचे राहून गेले होते.

ट्वेल्व्ह बी चा रकाना याच काळातला. आयोगाच्या कायद्यात १९७२ मध्ये दुरुस्ती झाली आणि १७ जून १९७२ नंतर स्थापन झालेल्या संस्थांना केंद्राचा पैसा मिळण्याआधी पात्र ठरवून घेणे भाग पडले. महाराष्ट्रातले चित्र पुढे वेगळेच झाले. १९८३ नंतर मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांच्या धोरणाने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांची लाट आली आणि पुढे 'कायम विनाअनुदानित' असा शब्दप्रयोगही शासननिर्णयांत रुजला. आपल्याकडे 'अनुदान' म्हटले की पहिल्यांदा पगारच आठवतो. नव्या अध्यापनासाठी वेगळे अनुदान मागता येते ही कल्पनाच अनेक संस्थाचालकांना परकी वाटते, आणि ज्यांच्या डोक्यावर पगाराचेच छप्पर नाही त्या शिक्षकांना ती चैन वाटते.

नंतरच्या योजनांची यादी लांबलचक आहे. ऑगस्ट १९८४ मध्ये दूरदर्शनवर आयोगाचा 'देशव्यापी वर्ग' हा शैक्षणिक कार्यक्रम सुरू झाला. त्यासाठी कार्यक्रम बनवणाऱ्या केंद्रांत पुणे विद्यापीठाचे केंद्र होते. १९८७ पासून प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजे आली. १९९४ मध्ये नॅक आली आणि तिची श्रेणी हळूहळू प्रस्तावाच्या दारावरचा पहारेकरी बनली. पुण्यात गणेशखिंडीला आयोगाचे पश्चिम विभागीय कार्यालय सुरू झाल्यावर दिल्लीच्या खेपा कमी झाल्या, एवढा दिलासा.

वेगळी रीत आणली ती जागतिक बँकेच्या साहाय्याने २००३ च्या सुमारास सुरू झालेल्या 'टेक्विप' या तंत्रशिक्षण सुधारणेच्या योजनेने. इथे पैसा आपोआप येत नव्हता. संस्थेने आपल्या त्रुटी मांडून, लक्ष्ये ठरवून, स्पर्धेत उतरून तो मिळवायचा होता. पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय अशा अभियांत्रिकी संस्था त्यात उतरल्या. प्रस्तावाची आजची भाषा, म्हणजे निष्पत्ती, निर्देशक, टप्पे, आपल्या सवयीची झाली ती बरीचशी इथून. पदवीच्या जीवशास्त्रासाठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज योजना २००८ च्या आसपास आली. हातांनी करायच्या प्रयोगांवर तिचा भर असतो आणि आवर्ती खर्चही ती धरते, म्हणून माझ्या मते कोसिपची खरी वारसदार तीच.

२०१३ च्या 'रूसा' या केंद्राच्या उच्च शिक्षण योजनेने दिशाच बदलली. पैसा आता राज्यामार्फत, केंद्र-राज्य वाटणीने. योजना आयोग गेला, बारावी योजना मार्च २०१७ मध्ये संपली, अर्थसंकल्पातला योजना-योजनेतर भेदही गेला. राज्य विद्यापीठांतल्या शिक्षकाने आयोगाला थेट लिहून छोटी रक्कम मिळवण्याची वाट अरुंद झाली. रूसाचेच पुढचे रूप असलेल्या, २०२३ पासूनच्या पीएम-उषात विद्यापीठांसाठी १०० कोटी, २० कोटी आणि महाविद्यालयांसाठी ५ कोटींपर्यंतचे गट आहेत. इतक्या मोठ्या रकमांत एका वर्गाचा, एका शिक्षकाचा प्रस्ताव बसत नाही. तो संस्थेच्या प्रस्तावात एक ओळ होऊन जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेली ४,२०० कोटींची 'मेरिट' योजनाही २७५ तंत्रशिक्षण संस्थांसाठी आहे, एकेका शिक्षकासाठी नाही.

उपयोगिता प्रमाणपत्र मात्र सगळ्या बदलांतून तरून गेले. सर्वसाधारण वित्तीय नियमांतला जुना १९-अ नमुना २०१७ च्या नियमांत १२-अ झाला, एवढाच फरक. खर्च न झालेली रक्कम त्यावर मिळालेल्या व्याजासह परत करायची असते, हे पुष्कळांना पहिल्या लेखापरीक्षणातच समजते.

शेवटचा रकाना असतो 'प्रकल्प संपल्यानंतर उपक्रम कसा चालू राहील?' बहुतेक जण तिथे लिहितात : संस्था आपल्या निधीतून खर्च करेल. त्याखाली प्राचार्यांची सही आणि शिक्का.