बाराखडीला फाटा देणारा कॉम्प्युटर

फकीरचंद कोहलींचं नाव निघालं की ‘भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाचे जनक’ हे बिरूद पाठोपाठ येतंच. पण मुंबईत ते आले विजेच्या कामासाठी. 1924 साली पेशावरला जन्म, कॅनडात आणि अमेरिकेतल्या एमआयटीत शिक्षण, मग 1951 मध्ये टाटांच्या वीज कंपनीत नोकरी.

वीज मोठ्या प्रमाणावर साठवणं अवघड, त्यामुळे जेवढी खपते तेवढी त्याच क्षणी तयार करावी लागते. गिरण्यांची पाळी सुरू झाली, लोकल भरून धावू लागल्या की मागणी चढणार. खोपोली, भिवपुरी, भिरा यांपैकी कुठल्या केंद्रावर किती भार टाकायचा, हे तेव्हाच्या तेव्हा ठरवायला हवं. हे गणित कोहलींनी कॉम्प्युटरवर नेलं.

1969 मध्ये ते टीसीएसमध्ये, म्हणजे टाटांच्या सॉफ्टवेअर कंपनीत आले. तेव्हा कॉम्प्युटर आयात करणं म्हणजे परवान्यांची रडकथा! बरोज या अमेरिकन कॉम्प्युटर कंपनीसाठी हॉस्पिटलच्या हिशेबांचा प्रोग्रॅम बदलून द्यायचा होता, पण बरोजचं मशीन काही पोचलेलं नव्हतं. मग हाताशी होत्या त्या आयसीएल या ब्रिटिश कंपनीच्या मशीनवरच, कोबोल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची एक बोली दुसरीत उतरवणारा प्रोग्रॅम लिहून काम उरकलं. मला हा किस्सा सगळ्या पुरस्कारांपेक्षा मोलाचा वाटतो.

1996 मध्ये कंपनीची सूत्रं सोडल्यावर त्यांनी प्रौढ साक्षरतेला हात घातला. नेहमीचे वर्ग महिनोन् महिने चालतात. दिवसभर राबलेली माणसं अक्षरं गिरवायला कंटाळतात आणि गळतात. 2000 च्या सुमारास आंध्रात सुरू झालेल्या त्यांच्या कॉम्प्युटरवरच्या साक्षरता कार्यक्रमात आधी अख्खा शब्द समोर येतो. पडद्यावर चित्र, खाली ‘पाणी’, सोबत उच्चार. मग ‘पा’ आणि ‘णी’ सुटे होतात, आणि तोच ‘पा’ पुढे ‘पाव’मध्ये भेटतो. भाषा तोंडात असतेच, ओळखायचा असतो फक्त तिचा आकार. काहीशे शब्द पक्के झाले की सुमारे 40 तासांत साधं वर्तमानपत्र वाचता यावं, हे उद्दिष्ट. त्याला भंगारात निघालेले जुने पीसी चालत आणि प्रशिक्षित शिक्षकावाचून अडत नसे. तेलुगूनंतर तो मराठीतही आला.

लिहिणं मात्र यात मागे पडतं. बँकेतला फॉर्म वाचता आला तरी भरायला कुणाला तरी विनवावंच लागणार. पण कोहलींनी वाचनाला अग्रक्रम दिला तो जाणूनबुजून, कारण गळती होत होती ती गिरवण्यापाशीच.