दाणाबंदरापासून टॉवरपर्यंत : शहरात शिकार करणारं घुबड

मुंबई-पुण्यात, भर वस्तीत, रहदारी चालू असताना एखादं पांढुरकं घुबड गटाराच्या कडेवरून उंदीर उचलताना दिसलं की लोक हळहळतात : जंगलं तोडली, म्हणून बिचारं इथे आलं. हे पांढुरकं घुबड म्हणजे गव्हाणी घुबड, आणि त्याला हे लागू पडत नाही. घनदाट जंगल त्याला मानवतच नाही. मोकळं रान, शेतं, पडके वाडे, गोदामं हा त्याचा मुलूख. माणसाने धान्य साठवलं, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे हे घुबड आलं. त्यामुळे आपल्या इमारतीच्या डक्टमध्ये ते कसं पोचलं हे समजायचं तर शहराचाच इतिहास पाहावा लागतो.

घुबडाची शिकार पाहण्याचा आपल्याकडचा एक फार जुना उल्लेख महाभारताच्या सौप्तिक पर्वात आहे. दुर्योधन पडल्यानंतरच्या रात्री कृपाचार्य आणि कृतवर्मा वडाखाली झोपी जातात, अश्वत्थामा मात्र जागा राहतो. वडावर कावळ्यांचे थवे झोपलेले असतात. एक घुबड येतं आणि झोपेतच त्यांना मारत सुटतं. पांडवांच्या छावणीवर रात्री हल्ला करायचा हे अश्वत्थाम्याला तिथे सुचतं. पुढच्या संहारामुळे या प्रसंगातलं निरीक्षण मागे पडतं, पण ते अचूक आहे. कावळ्याला अंधारात दिसत नाही आणि मोठं घुबड याचा फायदा घेतं. दिवस उजाडला की पारडं फिरतं. शहरात जखमी घुबडं सापडतात त्यातली बरीचशी दिवसा कावळ्यांच्या तावडीत सापडलेली असतात.

मुंबईपुरतं बोलायचं तर ही गोष्ट गोदीपाशी सुरू होते. मांडवी, मस्जिद बंदर, दाणाबंदर या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकात धान्याचे ढीग उतरत. गोदामाला लागून माणसं दाटीवाटीने राहत. सप्टेंबर १८९६ मध्ये याच मांडवीत डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगश या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. उंदरांवरच्या पिसवांतून हा रोग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिलं. परळच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, पुढे हजारो उंदीर तपासले गेले. तेव्हापासून उंदीर मारणं हे पालिकेचं नेहमीचं काम झालं. रात्री काठी आणि बॅटरी घेऊन गल्लीबोळांत फिरणाऱ्या मुंबई महापालिकेच्या कामगारांना एका रात्रीत तीस उंदरांचं लक्ष्य असल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. या सगळ्या खटाटोपात, त्याच गल्ल्यांवरून रोज रात्री उडणाऱ्या शिकाऱ्याची नोंद मात्र कुणी ठेवली नाही. मला याचं वाईट वाटतं. पिल्लं असलेली गव्हाणी घुबडांची जोडी रात्रभर खेपा घालते आणि जवळजवळ प्रत्येक खेपेला चोचीत उंदीर, घुशीचं पिल्लू नाहीतर चिचुंद्री असते.

शहरातला दुसरा शिकारी पिंगळा, घुबडाचीच एक छोटी जात. जेमतेम वीतभर लांब, पिवळ्या डोळ्यांचा, कलकलाट करणारा. त्याला शहराने वेगळीच सोय करून दिली, ती दिव्याची. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ मध्ये गॅसचे दिवे लागले, १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटात विजेचे. दिव्याभोवती किडे जमतात हे पिंगळ्याला शिकवावं लागलं नाही. आजही जुन्या वसाहतीत, कँटोन्मेंटमध्ये, कॉलेजच्या आवारात संध्याकाळी दिव्याजवळच्या तारेवर तो बसलेला दिसतो. मान वरखाली करत अंतर जोखतो आणि भुंगेरा, नाकतोडा, पाल जे हाती लागेल ते घेऊन पुन्हा तारेवर येतो. ज्याला घुबडाची शिकार पाहायची आहे त्याने इथूनच सुरुवात करावी. पिंगळा माणसाला फारसा बुजत नाही आणि उजेडातच काम करतो.

गव्हाणी घुबडाचं तसं नाही. त्याची शिकार प्रामुख्याने कानांनी होते. हे नेमकेपणाने सिद्ध केलं रॉजर पेन या अमेरिकी संशोधकाने, ज्याचं नाव पुढे देवमाशांच्या गाण्यामुळे जगभर झालं. पूर्ण अंधाऱ्या खोलीत, जमिनीवर वाळकी पानं पसरून त्याने घुबडापुढे उंदीर सोडला. घुबडाने तो पकडला. मग त्याने पानांतून उंदराएवढा कागदाचा बोळा ओढला, तर घुबडाने त्यावरही झडप घातली. कागदाला ना ऊब ना वास, म्हणजे फक्त आवाजच. या घुबडाचा डावा कान उजव्यापेक्षा वर असतो. त्यामुळे आवाज वरून आला की खालून हेही त्याला कळतं. हात कानामागे धरावा तशी त्याच्या चेहऱ्याची तबकडी आवाज गोळा करते. मासाकाझु कोनिशी आणि एरिक नुडसन यांनी १९७८ मध्ये त्याच्या मेंदूत आवाजाच्या दिशांचा नकाशाच असल्याचं दाखवलं.

मग एवढ्या गोंगाटात त्याचं निभतं कसं? पेनच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली होती. अचूक झडपेसाठी घुबडाला लागतात ते उंच पट्टीचे आवाज, म्हणजे पानांची सळसळ, कागदाची कुरकुर. रहदारीची घरघर बरीचशी खालच्या पट्टीतली असते. तरी गोंगाट वाढला की घुबडांची शिकार कमी होते, हे नंतरच्या प्रयोगांनी दाखवलं आहेच. मला वाटतं शहरात घुबड जागा निवडून यातून वाट काढतं. दादरला एका जुन्या चाळीच्या गच्चीवरून मी ते बघितलं आहे. पुढचा रस्ता गाड्यांनी भरलेला, पण घुबड बसलं होतं मागच्या बाजूला, दोन इमारतींमधल्या घरगल्लीवर, पाण्याच्या पाइपावर. खाली कचरा, प्लास्टिकच्या पिशव्या, उघडं गटार. त्याने रस्त्याकडे एकदाही पाहिलं नाही. चेहरा खाली, मग किंचित डावीकडे. एक पिशवी हलल्याचं मला दिसायच्या आधीच ते सुटलं होतं. पंख फडफडल्याचा आवाज नाही. शेवटच्या क्षणी पाय पुढे आले, पिशवीसकट पकड बसली आणि चिचुंद्रीची चिरकी किंकाळी तेवढी ऐकू आली. त्याच वेळी खाली एक बाई भांडी घासत होत्या. त्यांनी वर पाहिलं, ‘आलं वाटतं’ म्हणाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

पंखांचा आवाज का येत नाही हेही १९३४ पासून माहीत आहे. पिसांच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते, मागच्या कडेला झालर आणि वरून मखमली लव.

या शिकाऱ्याला खरा धोका आला तो उंदरांच्या औषधातून. रक्त गोठू न देणारं वॉरफरीन हे विष १९४८ पासून वापरात आलं. उंदीर त्याला दाद देईनासे झाल्यावर ब्रोमाडिओलोनसारखी जहाल विषं आली. ती खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्तपणे, उघड्यावर फिरतो आणि घुबडाला आयता सापडतो. विष घुबडाच्या यकृतात साठत जातं. न्यूयॉर्कमधल्या फ्लॅको या गरुड-घुबडाची गोष्ट जगभर गेली, तिचा शेवटही असाच. २ फेब्रुवारी २०२३ ला सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयातली त्याच्या पिंजऱ्याची जाळी कुणीतरी कापली. जन्मभर पिंजऱ्यात वाढलेला तो पक्षी थोड्याच दिवसांत मॅनहॅटनमध्ये उंदीर मारायला लागला. वर्षभर लोक त्याला पाहायला जमत होते. २३ फेब्रुवारी २०२४ ला तो एका इमारतीखाली पडलेला सापडला. तपासणीत शरीरात चार प्रकारची उंदीरनाशकं आणि कबुतरांकडून आलेला विषाणू निघाला. आपल्या सोसायट्यांत पेस्ट कंट्रोलवाले जे ठेवून जातात ते याच जातीचं औषध आहे का, हे प्रत्येक कमिटीने एकदा तरी विचारून घ्यावं.

दुसरा धोका जुनाच आहे, अंधश्रद्धेचा. बंगालात घुबड लक्ष्मीचं वाहन, आपल्याकडे अपशकुनी, आणि दोन्हींचा शेवट पुष्कळदा एकच : दिवाळीच्या सुमारास त्याची चोरटी विक्री आणि बळी. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ट्रॅफिक इंडिया या संस्थेच्या २०१० च्या अहवालात देशातल्या तीस जातींपैकी पंधरा जाती या व्यापारात आढळल्याचं म्हटलं होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणं, विकणं, मारणं हा गुन्हा आहे. पण कायद्याने भीती जात नाही. त्यासाठी पक्षी नीट बघावा लागतो. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीत इला फाउंडेशन या निसर्गप्रेमी संस्थेने २०१८ मध्ये उलूक उत्सव भरवला, तेव्हा शाळेतली मुलं घुबडांची चित्रं काढत, त्यांच्याबद्दल गाणी म्हणत होती. पुढच्याच वर्षी जागतिक घुबड परिषद पुण्यात झाली.

दरम्यान शहरातली घरं बदलली. कौलारू वाडे, चाळींचे माळे आणि गिरण्यांच्या शेड गेल्या. मुंबईचा धान्यबाजार वाशीला हलला. घुबडांनी लिफ्टची मशीनरूम, डक्ट, एसीमागची खाच धरली. मादी पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते, म्हणून पिल्लं लहानमोठी असतात आणि रात्रभर फुसफुसत खायला मागतात. या आवाजाला घाबरून घरटं हलवायची मागणी होते. खरं तर पिल्लं साधारण दोन महिन्यांत उडून जातात. तेवढे दिवस डक्टची जाळी बसवण्याचं काम पुढे ढकललं तरी पुरतं. पाहायला जायचं तर फ्लॅश आणि बॅटरीचा झोत डोळ्यांवर मारू नये. खाली पडलेलं पिल्लू दिसलं तर दूध-पाणी पाजू नये. खोक्यात ठेवून खोकं अंधारात, कावळ्यांपासून दूर ठेवावं आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करावा.