मूत्रपिंडाच्या कर्करोगातील बायोमार्कर

किडनीतली कर्करोगाची गाठ काढल्यानंतर आजार पुन्हा उलटण्याचा धोका किती, याचा अंदाज देणारी खूण म्हणजे बायोमार्कर किंवा जैवसूचक. ती गाठीच्या पेशींत, जनुकांत किंवा रक्तात शोधली जाते. नाशिकच्या ओपीडीत सिन्नर-निफाडहून आलेले नातेवाईक हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात: ‘किडनी काढली, आता केमो लागेल का?’ नेहमीची केमो या कर्करोगावर फारशी चालत नाही. त्यामुळे पुढे काय करायचे हे ठरवताना आधी धोका मोजावा लागतो.

सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत गाठ ‘क्लिअर सेल’ प्रकारची निघते. चिरल्यावर ती सोनेरी पिवळी दिसते, कारण पेशींत चरबी भरलेली असते. स्लाइड बनवताना ही चरबी आणि ग्लायकोजेन धुऊन जातात, पेशी रिकाम्या दिसतात आणि नाव पडते ‘क्लिअर’.

या प्रकारात धोका मोजण्यासाठी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये तयार झालेला लिबोविच गुणांक (२००३) आजही वापरात आहे. समजा गाठ ८ सेंटीमीटरची, किडनीपुरतीच मर्यादित आहे: ३ गुण. ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात त्याची पायरी) ३: १ गुण. गाठीत मेलेला भाग, म्हणजे नेक्रोसिस: आणखी १. लसिका ग्रंथी स्वच्छ: शून्य. बेरीज ५, म्हणजे मध्यम धोका. मूळ अभ्यासात पाच वर्षे आजार इतरत्र न पसरलेले रुग्ण कमी धोक्याच्या गटात सुमारे ९७ टक्के, मध्यम गटात ७४ आणि जास्त धोक्याच्या गटात ३१ टक्के होते. नव्या बायोमार्करची खरी परीक्षा हीच, की या साध्या बेरजेपेक्षा तो जास्त काय सांगतो? बहुतेक इथेच अडखळतात. कार्बोनिक अनहायड्रेज-९ या प्रथिनाचा सुरुवातीला बराच गाजावाजा झाला. पुढे ग्रेड आणि नेक्रोसिस हिशोबात धरल्यावर त्याचे वेगळे मोल उरले नाही.

जनुकांची गोष्ट अधिक रंजक आहे. व्हीएचएल, पीबीआरएम-१ आणि बॅप-१ ही तिन्ही तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर शेजारी नांदतात. व्हीएचएल बहुतेक क्लिअर सेल गाठींत बिघडलेलेच असते, म्हणून अंदाजाला ते निरुपयोगी. बॅप-१ मधला बिघाड मात्र वाईट लक्षण. एकट्या पीबीआरएम-१ चा बिघाड त्यामानाने सौम्य.

रक्तातील सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे प्रथिन), हिमोग्लोबिन, प्लेटलेट यांवरून ढोबळ कल्पना येते, पण ते साध्या तापानेही हलतात. सध्या आशा आहे ती किम-१ या प्रथिनावर: शस्त्रक्रियेनंतरही ते चढे राहिले तर आजार उलटण्याचा धोका जास्त आढळला आहे. रोजच्या व्यवहारात ते अजून रुळलेले नाही. हा कर्करोग रक्तात गाठीचा डीएनए फार कमी सोडतो, त्यामुळे त्याची तपासणी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होता येत नाही. पेम्ब्रोलिझुमाब हे इम्युनोथेरपीचे इंजेक्शन शस्त्रक्रियेनंतर कुणाला द्यायचे, हेही आज मुख्यतः स्टेज आणि ग्रेड पाहूनच ठरते.

म्हणून पॅथॉलॉजीचा रिपोर्ट पूर्ण असावा. नेक्रोसिसचा उल्लेख नसेल तर तो विचारून घ्यावा. दुसऱ्या मतासाठी मुंबईला निघताना रिपोर्टसोबत स्लाइड आणि ‘ब्लॉक’ही न्यावा लागतो. ब्लॉक म्हणजे गाठीचा तुकडा बसवलेली मेणाची छोटी वडी. पुढे जनुकतपासणी करायची झाली तर याच वडीतून काप निघतात. मे महिन्यात ती गाडीच्या काचेखाली ठेवू नये, आणि काम झाल्यावर परत मागून घ्यावी.