स्लाइड नसताना श्रोत्याच्या डोक्यात काय चालतं?

११ फेब्रुवारी १९८६. चॅलेंजर अवकाशयानाच्या दुर्घटनेला दोन आठवडे झाले होते आणि चौकशी आयोगाची जाहीर सुनावणी चालू होती. आयोगाचे एक सदस्य, भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी रॉकेटच्या सांध्यात बसवतात त्या रबरी ‘ओ-रिंग’चा तुकडा छोट्या क्लॅम्पमध्ये आवळला आणि समोरच्या बर्फाच्या पाण्यात बुडवला. थोड्या वेळाने बाहेर काढून क्लॅम्प सैल केला. दाबलेलं रबर चटकन पूर्ववत झालंच नाही. उड्डाणाच्या सकाळी कडाक्याची थंडी होती, आणि सांधा बंद ठेवायचा तर रबराने क्षणात पसरायला हवं होतं. गोठणबिंदूजवळ या रबराची लवचिकता काही सेकंद तरी जाते, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यासाठी स्लाइड लागली नाही.

पुढे जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यान उडालं, तेव्हा टाकीवरच्या फोमचा तुकडा निसटून त्याच्या डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असतानाच इंजिनिअरांनी धोक्याचा अंदाज स्लाइडवर मांडला. मथळा दिलासा देणारा, खाली मुद्दे, त्यांच्या पोटात उपमुद्दे. आणि अगदी तळाशी दोन आकडे: आदळलेला तुकडा अंदाजे १९२० घनइंचांचा, ज्या चाचणीवर अंदाज बेतला होता तिच्यातला फक्त ३ घनइंचांचा. म्हणजे ६४० पट मोठा! सात अंतराळवीर गेले त्याचं खापर एका स्लाइडवर फोडता येणार नाही, पण चौकशी अहवालाने तिच्यावर नेमकं बोट ठेवलं. जे आधी ओरडून सांगायचं, ते सगळ्यात खाली गेलं होतं.

ऑफिसातल्या मीटिंगमध्ये कुणाचा जीव जात नाही, फार तर ऑर्डर जाते. मेंदू मात्र तोच असतो.

मानसशास्त्रज्ञ अॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये तात्पुरत्या स्मृतीचं, म्हणजे वर्किंग मेमरीचं, एक प्रारूप मांडलं. त्यात बोललेल्या शब्दांसाठी एक कप्पा आहे आणि चित्रांसाठी दुसरा. गोम अशी की वाचलेले शब्दही मनातल्या मनात उच्चारले जाऊन बोललेल्या शब्दांच्याच कप्प्यात शिरतात. पडद्यावर एक वाक्य आणि वक्त्याच्या तोंडी दुसरं, असं झालं की दोघांची तिथे धक्काबुक्की होते. तेच वाक्य वाचून दाखवलं तरी सुटका नाही. डोळे पुढे धावतात, वक्ता मागून रखडत येतो. चित्राचं तसं होत नाही, ते वेगळ्या कप्प्यात जातं. म्हणून माझा राग पडद्यावर नाही, त्यावरच्या परिच्छेदांवर आहे.

स्लाइड काढली की ही धक्काबुक्की थांबते, पण दुसरी अडचण उभी राहते. ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तात्काळ स्मृतीची मर्यादा सुमारे सात गोष्टींची सांगितली होती. नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये ती चारच्या आसपास आणली. तेव्हा ‘आज आपण अकरा मुद्दे पाहणार आहोत’ असं म्हणणाऱ्याचे बहुतेक मुद्दे तिथल्या तिथेच सांडतात.

ते सांडू नयेत म्हणून त्यांना एकमेकांत ओवावं लागतं. गॉर्डन बाउअर आणि मायकेल क्लार्क यांनी १९६९ मध्ये विद्यार्थ्यांना दहा-दहा शब्दांच्या बारा याद्या पाठ करायला दिल्या. एका गटाने प्रत्येक यादीतले शब्द गुंफून गोष्ट रचायची, दुसऱ्याने नुसतं पाठ करायचं. लगेच विचारलं तेव्हा दोघांनाही जवळजवळ सगळं आठवत होतं. सगळ्या याद्या संपल्यावर पुन्हा विचारलं, तर गोष्टवाल्यांना ९३ टक्के शब्द आठवले, दुसऱ्यांना १३ टक्के. धंद्याच्या बोलण्यात गोष्ट म्हणजे ‘एकदा काय झालं’ असंच नव्हे. विक्री घसरली, कारण डिलिव्हरीला उशीर होत होता. उशीर होत होता, कारण गोदामातली नोंद हाताने होत होती. म्हणून ही नवी यंत्रणा हवी. एवढ्या ‘कारण’ आणि ‘म्हणून’वर काम भागतं. हेच चार सुटे मुद्दे म्हणून सांगून पाहा, श्रोता त्यांचा क्रमसुद्धा विसरेल.

आकड्यांचंही तसंच. ‘तक्रारींचं प्रमाण १२.४ टक्के’ हे कानावरून जातं. ‘दर आठ ग्राहकांत साधारण एक तक्रार करतो’ म्हटलं की माणसं दिसू लागतात.

आकृती हवीच असेल तर मार्कर उचला आणि बोलता बोलता काढा. लोगन फिओरेला आणि रिचर्ड मेयर यांनी २०१६ मध्ये दाखवलं की तयार आकृतीकडे बोट दाखवण्यापेक्षा शिकवणाऱ्याने ती समोर काढली तर विषयात नवख्या असलेल्यांना जास्त समजतं. मला यामागचं कारण सरळ वाटतं: जेवढं बोलून झालंय तेवढंच फळ्यावर असतं, त्यामुळे नजर भलतीकडे भटकत नाही. रेघ वाकडी आली तरी चालते. उलट फारच देखणी आकृती काढणाऱ्याच्या बाबतीत लोक हाताकडेच पाहत बसतात, असा माझा संशय आहे.

बोलणाऱ्याचं काय? पडदा गेला की आधार गेला, असं वाटतं. पण रिमोट सुटला की हात मोकळे होतात, आणि हातांचा स्मृतीशी संबंध आहे. सुझन गोल्डिन-मेडो आणि सहकाऱ्यांच्या २००१ च्या प्रयोगात लोकांना काही गोष्टी लक्षात ठेवून त्याच वेळी गणित समजावून सांगायचं होतं. हातवारे करायची मुभा होती तेव्हा त्यांच्या जास्त गोष्टी लक्षात राहिल्या. भाषण शब्दन् शब्द पाठ करण्याच्या फंदात मात्र पडू नये. एक शब्द निसटला की पुढची गाडी अडते. सांगायचा क्रम आणि पहिलं वाक्य पक्कं असलं की बाकीचं त्या वेळी सुचतं.

स्लाइड नको म्हणजे लेखी काहीच नको, असं नाही. अॅमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट हद्दपार केलं आणि त्याजागी सलग गद्यात लिहिलेली टिपणं आणली. ती बैठकीच्या सुरुवातीला सगळे गप्प बसून वाचतात, चर्चा त्यानंतर. वाचणं आणि ऐकणं तिथे एकमेकांच्या आड येत नाहीत. तुमच्याकडेही वीस रकान्यांचा तक्ता असेल तर तो तोंडी सांगायचा हट्ट सोडा. छापून हातात द्या, लोकांना शांतपणे पाहू द्या आणि माना वर होईपर्यंत स्वतः काही बोलू नका.