बियाणे विकून झाल्यावर कंपनीचे काम संपते का?

कपाशीचे फूल नीट उमलत नाही, पाकळ्या एकमेकींना चिकटून राहतात, तेव्हा विदर्भातला शेतकरी ओळखतो की डोमकळी आली. पाकळ्या सोडवल्या की आत गुलाबी बोंडअळी सापडते. तिची पुढची पिढी हिरव्या बोंडात शिरते. शिरलेले भोक बुजते, मग वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तरी फवारे वाढत जातात. 2017 च्या हंगामात या अळीने विदर्भात कपाशी पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली.

बीटी कपाशी, म्हणजे जिवाणूचे जनुक घातल्याने बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणारी कपाशी, आपल्याकडे 2002 मध्ये आली; अशी दोन जनुके असलेली 2006 मध्ये. हिरवी बोंडअळी तूर-हरभऱ्यावरही जगते. गुलाबी अळीचा संसार मात्र जवळजवळ सगळा कपाशीवरच. वावरात सगळीकडे बीटीच असेल, तर विष पचवणाऱ्या मोजक्या अळ्याच वाचतात आणि त्यांचाच वंश वाढतो. म्हणून 450 ग्रॅम बीटीसोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जाई. त्यावर वाढलेल्या साध्या पतंगांशी संकर झाला की बहुतेक पिल्ले पुन्हा बीटीला बळी पडतात. पण ती पुडी अनेकांनी पेरलीच नाही, आणि ती का पेरायची हे बांधावर येऊन सांगणारेही फार थोडे होते. पाकीट विकणाऱ्याने हे समजावून सांगायलाच हवे होते, असे मला ठामपणे वाटते.

कंपन्यांना आजही बरेच करता येईल. मादीच्या गंधाची नक्कल करणाऱ्या दोऱ्या झाडांना बांधल्या की नराला मादी सापडत नाही, मीलनच टळते. एकट्याच्या दोन एकरांत याचा फारसा उपयोग नाही. शेजारच्या शेतात मीलन झालेली मादी धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओलांडून येतेच. सलग शिवार लागते, आणि अख्खे गाव जोडून घेण्याइतका पैसा व माणसे कंपनीकडे असतात. मादीच्या गंधाने नर पतंग पकडणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तरच फवारा, हा हिशेबही कंपनीच्याच माणसाने शिकवावा, औषध विकणाऱ्यानेसुद्धा.

लवकर निघणारे वाण त्याहून मोलाचे. डिसेंबरअखेर वावर मोकळे झाले, फरदड, म्हणजे वेचणीनंतरही पुढे राखलेले कपाशीचे पीक, ठेवली नाही, तर अळीची उपासमार होते आणि ओलिताची सोय असेल तिथे हरभराही साधतो. उरलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, धुऱ्यावर रचून ठेवली तर तिच्यातल्या किडक्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत उन्हाळा काढते. इंधनाच्या कांड्या बनवणाऱ्या उद्योगांनी ती जानेवारीतच विकत घेऊन भुगा केला, तर शेतकऱ्याला चार पैसे मिळतील. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगवाल्यांनी सरकीच्या ढिगाजवळ सापळे लावले, तर कापसासोबत आलेल्या अळ्यांचे तिथून उडणारे पतंगही आवारातच अडकतील.